सनईवाल्याच्या छातीचे दोन फोटो

दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी पहिलं काम काय केलं असेल, तर खुंटीवरची सनई काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली, पत्र्याच्या पेटीत घातली आणि पेटीला कुलूप ठोकलं. आमच्या ह्यांच्या पायातल्या चपला अजून निघायच्या होत्या. "अगं, घोटभर पाणी तर दे आधी," म्हणाले. म्हणलं, "पाणी देते. सनई मागायची नाय."

न्यूमोनिया झाला होता. उजव्या बाजूचं फुप्फुस कफानं गच्च भरलेलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून हा माणूस पडला होता, तेव्हा मी देवाला एवढंच म्हणलं, ह्यांना घरी पाठव, बाकीचं मी बघते. देवानं त्याचं काम चोख केलं. आता माझी पाळी होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे बाकीचं बघायची मला सवय आहे. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडायचे आणि लग्नसराईत रजा टाकून सनई वाजवायचे. ह्यांचे वडील वाजवायचे, आजोबा वाजवायचे. माझ्या वडलांनी एसटीतली नोकरी बघून मुलगी दिली आणि माझ्या पदरात सनई पडली. पहाटे डोळा उघडायच्या आत कानात सूर. पोरं झोपलीत, सासूबाई आजारी आहेत, माझ्या वह्या तपासायच्या राहिल्यात, कशाकशाचं सोयरसुतक नाय. मी कितीदा म्हणलं असेल, की ही सवत निदान पाणी तरी भरू लागली असती तर बरं झालं असतं.

आता ह्या वयात सनई पेटीत गेली म्हणून कुणाचं काय अडलं असतं? पण अडलं. नातीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे फर्दापूरचे, लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांचं लॉज आहे. आमच्या लेकीच्या लग्नात लेकीनं डीजे आणला होता, आणि बाप वाजवायला तयार असताना डीजे आणला म्हणून आमचे हे मांडव सोडून आचाऱ्यापाशी कांदे कापत बसले होते. नवरीचा बाप कुठंय म्हणून शोधाशोध झाली, तर हे कांद्याच्या ढिगाआड. लोकांना वाटलं पोरीच्या विरहानं रडतायत. ती गोष्ट नातीनं लहानपणापासून ऐकलेली. तिनं सासरच्यांना आधीच सांगून टाकलं, "डीजे नको. आजोबा वाजवणार नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाय."

झालं! म्हातारा ऑक्सिजनची नळी निघायच्या आधीच बोटं हलवायला लागला. चादरीवर सहा-सात भोकं असल्यासारखी बोटं चालायची. नर्स मला म्हणाली, "आजी, ह्यांना आकडी येते का?"

तर घरी आल्यावर आमचा करार झाला. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, थोड्या दिवसांनी एक्स-रे काढून बघू, फुप्फुसं कशी चालतायत ते. मी म्हणलं, मशीन 'ठीक' म्हणलं तर कुलूप उघडते. मशीन 'नाय' म्हणलं तर सनई पुतण्याला देऊन टाकायची, तोही वाजवतो. हे लगेच कबूल झाले. "मशीनवर माझा भरोसा हाये," म्हणाले. "तुझ्यावर नाय."

चावी मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरली. ह्या माणसानं जन्मात कधी पिठाच्या डब्याचं झाकण उघडलेलं नव्हतं, म्हणजे बँकेच्या लॉकरपेक्षा ती जागा पक्की. सगळं घर धुंडाळून झालं, माझी पर्स, देवघर, गादीखाली. मग एके दिवशी मी बाजारात गेलेली बघून ह्यांनी पेटीच उचलायला घेतली. कुलपासकट कुणा चावीवाल्याकडं न्यायचा बेत होता म्हणे. पेटीत माझ्या लग्नातली तांब्या-पितळेची भांडी. पेटी जागची हलली नाही, ह्यांच्या कमरेत मात्र उसण भरली. मी आले तर हे पेटीवर पालथे. "काय झालं हो?" तर म्हणाले, "काय नाय, जरा बसलो होतो." पालथं पडून बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

आता कमरेत उसण, आणि शहराचं नाव बदललं तरी आमच्या रस्त्यातले खड्डे जुनेच. रिक्षात बसवून न्यायचं म्हणजे उसणीचं मोडण्यात रूपांतर. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, आणू नका त्यांना. एक्स-रे घरी येऊन काढतात. छोटं मशीन असतं. मी सांगून ठेवते. फक्त दोन फोटो काढायचे, एक श्वास पूर्ण भरून, एक पूर्ण सोडून. फुप्फुस साफ झालं का एवढंच नाही बघायचं, ते हलतंय किती तेही कळेल. छाती आणि पोट ह्यांच्या मधे एक पडदा असतो. श्वास घेतला की तो खाली जातो, सोडला की वर येतो. दोन फोटो शेजारी ठेवले की पडदा किती सरकला ते दिसतं."

एक्स-रेवाले भाई खुलताबादचे. चांगले पन्नाशीतले, पोट सुटलेले, दाढी मेंदीची. शिलाई मशीनच्या डब्याएवढी पेटी स्कूटरला बांधून आले, आणि नेमके आले कधी? तर नळाला पाणी आलं तेव्हा!

आता आमच्या शहरात जे राहतात त्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या नळाला पाणी रोज येत नाय. आठवडा उलटतो, कधी जास्तही. मग ते कधी येईल ह्याचा नेम नाय आणि आलं की ते सोडून बाकी जगात काय नाय. ड्रम, बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरायचं. पाणी आलं असताना दारात पाव्हणा आला तर त्याच्या हातात आधी बादली देतात, मग 'या' म्हणतात. भाईंच्या हातात मी बादली दिलीच. त्यांनीही ती निमूटपणे ड्रममध्ये ओतली. ते ह्याच जिल्ह्यातले.

"चाची, आप सब बाहर," ते म्हणाले. "अंदर सिर्फ चाचा. किरणं असतात." अंगात जाड शिशाचा झगा घातला आणि हातात ते मशीन, दुकानातल्या ड्रिल मशीनसारखं. आमच्या ह्यांचे डोळे चमकले. एसटीतल्या माणसाला यंत्र दिसलं की झालं. उसण विसरून विचारत बसले, "बॅटरीवर हाये का? किती किलो? आत कॉईल हाये का?" मी म्हणलं, "अहो, तुमची छाती उघडायचीय, त्यांचं मशीन नाय." आणि मी पळाले नळाकडं.

तर आत काय झालं ते मी बघितलं नाही, ऐकलं तेवढं सांगते. ह्यांना पाटावर बसवलं होतं, पाठीमागं पाटीसारखी एक प्लेट. पहिला फोटो सरळ निघाला. "सांस भरो चाचा, भरो, रोको!" टिक्. दुसऱ्या वेळी भाई म्हणाले, "अब छोडो. चूल फुंकते ना, वैसे फुंको, फुंकते रहो." तेवढ्यात पाठीमागची प्लेट घसरली. भाई ती सारखी करायला लागले आणि तिकडून ओरडत राहिले, "फुंकते रहो चाचा, फुंकते रहो, मैं बोलूं तब तक!" हे फुंकत राहिले. माझी एक कळशी भरली, दुसरी लावली, तरी आतून "फुंकते रहो" चालूच. मग कधीतरी टिक्.

मी आत गेले तर दोघं खूश. हे म्हणाले, "इतकं फुंकलं, इतकं फुंकलं, एक्स-रेवाले दमले पण मी नाय दमलो." भाईंनी स्क्रीनवर फोटो दाखवला. काळं-पांढरं, बरगड्यांची शिडी. हे बोट लावून विचारतात, "हे मधलं पांढरं काय?"

"दिल है चाचा."

"एवढंसं?"

"मला आधीपासून माहीत होतं," मी म्हणलं आणि परत नळाकडं गेले.

डॉक्टरीणबाईंचा फोन दुपारी आला. मी स्पीकरवर लावला. हे भिंतीला टेकून बसले होते, बोटं गुडघ्यावर चालू. बाई म्हणाल्या, "आजी, कफ गेलाय. फुप्फुस साफ आहे." ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की चल, काढ चावी. "पण," बाई म्हणाल्या, "दोन्ही फोटो सारखेच आहेत. श्वास सोडल्यावर पडदा वर यायला हवा होता. तो जागचा हललाच नाही. दोन्हीकडे. आजारपणात कधीकधी पडद्याच्या नसा कमजोर होतात. आपल्याला मोठ्या दवाखान्यात तपासावं लागेल. आणि तोपर्यंत सनई अजिबात नको. खरं सांगायचं तर, नंतरही नकोच."

गुडघ्यावरची बोटं थांबली.

मला वाटलं आता भांडतील. मशीन चिनी आहे म्हणतील, प्लेट वाकडी होती म्हणतील. मी पदर खोचून तयार होते. पण हे म्हणाले, "मशीन म्हणलं ना. झालं मंग." आणि थोड्या वेळानं, "पुतण्याला फोन कर. घेऊन जा म्हणावं सनई. आन त्याला सांग, तिच्या तोंडाची ताडपत्ती ओली करून ठेवत जा. वाळली की चिरती."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं होतं. मला एक शब्द बोलावा लागला नव्हता. जे मला पाहिजे होतं ते मशीननंच करून दिलं. मग माझ्या तोंडाची चव का गेली होती देव जाणे.

त्यानंतरचे दिवस सांगवत नाहीत. हा माणूस शहाण्यासारखा वागायला लागला! चहा थंड झाला तरी प्याला. भाजीत मीठ नव्हतं, तरी जेवला. मुद्दाम नव्हतं घातलं, मी बघत होते. एरवी आळणी भाजीवरून ह्यांनी माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचं मीठ काढलं असतं. बाहेरून कुणाची वरात गेली, बँड वाजला, तर एरवी "बेसूर हाये मेला" म्हणून खिडकीत जाणारा माणूस कूस बदलून पडला. पुतण्या सनई न्यायला दोनदा आला आणि दोनदा मी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवला. एकदा चावी सापडेना म्हणलं, एकदा दिवस चांगला नाय म्हणलं.

मग नातीचा व्हिडिओ कॉल आला. बातमी तिला कळली होती, नाक लाल. मी बाजूला मेथी निवडत होते. ती म्हणाली, "आजोबा, पण नेमकं काय करायला लावलं त्यांनी?"

"काय नाय गं. फुंका म्हणले. मी फुंकलं. हे बघ असं."

आणि ओठ आवळून, गाल फुगवून ह्यांनी फुंकायला सुरुवात केली. फुर्रर्र. नात बघतेय. फुर्रर्र. "बास आजोबा," ती म्हणाली. फुर्रर्र. "आजोबा, कळलं, थांबा आता!" ती हसायला लागली. फुर्रर्र चालूच. मी सहज वर बघितलं आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

ह्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. आणि पोट बाहेर येत होतं. फुंकणाऱ्याचं पोट आत जातं हो, बाहेर कसं येईल?

सनई वाजवणाऱ्याचा सूर तुटत नाही, तो का तुटत नाही हे मला लग्नानंतर कळलं. ह्यांच्या वडलांनी ह्यांना लहानपणी पपईच्या देठाची नळी देऊन पाण्याच्या तांब्यासमोर बसवलं होतं. नळीतून फुंकायचं, पाण्यात बुडबुडे काढायचे आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. थांबले की पाठीत धपाटा. मग पोर शिकतं. गालात हवा साठवायची, गालानं ती बाहेर ढकलायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. बाहेर फुंक चालू, आत श्वास चालू. ते एकदा अंगात मुरलं की माणूस स्वतःला विचारून थोडंच करतो? ह्यांना कुणी 'फुंकत राहा' म्हणलं की ओठ, गाल आणि नाक आपापल्या कामाला लागतात, जसं मला पोरांचा गलबला ऐकू आला की हात टेबलावर आपटतो.

म्हणजे भाई तिकडं प्लेट सारखी करत होते आणि इकडं हे छाती भरून घेत गालानं फुंकत होते. फोटो निघाला तेव्हा छाती पहिल्या फोटोएवढीच टम्म. पडदा वर येणार कुठून? तो बिचारा आपल्या जागी हजर होता. ह्या बाबानं श्वास सोडलाच नव्हता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापायला घेतली, कारण हाताला काम असलं की मला सुचतं. आणि सुचलं ते काही चांगलं नव्हतं. हे फक्त मला कळलंय. भाईंना नाय, डॉक्टरीणबाईंना नाय, खुद्द ह्यांना नाय. मी गप्प बसले तर सनई गेली आणि माणूस राहिला. बोलले तर हा उठेल, फुंकेल, आणि परत ती नळी, परत तो निळा पडलेला ओठ. तो ओठ मी बघितलाय. मला परत बघायचा नव्हता. मी काय त्या सनईचं देणं लागते?

तव्यावरची भाकरी करपली. बाहेरून एरवी आवाज आला असता, "काय जाळतीयस गं?" आज आला नाय. वास तर घरभर झाला होता. माणूस राहिला म्हणते मी, पण माणूस राहिला कुठं होता?

मला असा राग आला, ह्यांचा, त्या तांब्याचा, सासऱ्यांच्या धपाट्यांचा, की मी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, चावी काढली आणि पांढरी फटक चावी ह्यांच्या पुढ्यात आपटली.

"अहो, तुम्ही श्वास सोडलाच नाय!"

"सोडला की. किती फुंकलं..."

"गालातला सोडला! छातीतला कुठं सोडला? नाकानं ओढत होता वरून! बघा, पोटावर हात ठेवा आन फुंका."

ह्यांनी पोटावर हात ठेवला. फुंकलं. पोट हाताला ढकलत बाहेर आलं. ह्यांनी पोटाकडं बघितलं, चावीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आयला!" म्हणाले. आणि इतके हसले, इतके हसले, की खोकल्याची उबळ आली आणि मी पाठ चोळत आणखी चार शिव्या घातल्या. उबळ थांबल्यावर पहिला शब्द काय? "चावी पिठात व्हती व्हय? आन भाकरी का जाळली?"

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या फोनवर हसायलाच लागल्या. व्हिडिओवर ह्यांना दोनदा करून दाखवायला लावलं. मग आवाज सरळ करून म्हणाल्या, "परत काढू. पण आजी, फोटो चांगलाच येईल असं धरून चालू नका. खरंच अशक्तपणा असेल तर मी नाहीच म्हणणार." मी म्हणलं, तेच पाहिजे. चावी परत पिठात.

आता श्वास सोडायची तालीम सुरू झाली. हसू नका, सोपं नाही ते. नुसता श्वास सोडा म्हणलं की हे सोडायचे, पण अर्ध्यातच नाक आपलं काम करायचं. मी पोटावर हात ठेवून बसायची आणि पोट फुगलं की "घेतला! घेतला!" म्हणून ओरडायची. "मी नाय घेतला, त्यानं घेतला," हे नाकाकडं बोट दाखवायचे. मग मी कपडे वाळत घालायचा चिमटा आणून नाकाला लावला. तो लावल्याबरोबर ह्यांचे डोळे असे झाले, की मीच घाबरून काढला. "तिथल्यासारखं वाटतंय," एवढंच म्हणाले. कुठल्यासारखं ते मी विचारलं नाही. चिमटा उचलून ड्रममध्ये फेकला.

शेवटी माझी मास्तरकी कामाला आली. शाळेत पोरं एका दमात पाढे म्हणायची पैज लावायची. तोंड बोलत असलं की नाकानं चोरून श्वास घेता येत नाही, घेतला की शब्द तुटतो आणि पकडला जातो. म्हणलं, "फुंकू नका. बोला. श्वास संपेपर्यंत एका दमात बोलायचं. पाढा म्हणा."

"मला बाराच्या पुढं येत नाय."

"मग दुसरं काय म्हणाल न थांबता?"

ह्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं, की मला कळलं काहीतरी माझ्याविरुद्ध आहे. "तुझ्या तक्रारी सांगू का?" म्हणाले.

भाई परत आले. नळाला पाणी नव्हतं, देवाची कृपा. झगा घातला, प्लेट ह्यावेळी दोरीनं बांधली. मी बाहेर, दाराला कान लावून. पहिला फोटो भरल्या श्वासाचा. टिक्. मग भाई म्हणाले, "अब बोलो चाचा. चाची सुनरी नहीं." मी सगळं ऐकत होते.

हे सुरू झाले. "चहात साखर घालत नाय, मी झोपलो की पंखा बंद करती, माझे शर्ट फरशी पुसायला घेती, शाळेतल्या पोरासंगं बोलल्यावानी बोलती, नळाला पाणी आलं की मला माणूस समजत नाय, माझ्या भावाला चहा देती तो बिनदुधाचा, सनई कोंडून ठेवली, दवाखान्यात मला म्हणली मरून तर बघा..."

दम निम्मा झाला असेल. आणि तक्रारी संपल्या! इतक्या वर्षांचा संसार, आणि एवढ्याच? मला जरा अपमानच वाटला. भाई घाईघाईनं, "बोलते रहो चाचा, रुको मत!"

"आन... आन दवाखान्यात," ह्यांचा आवाज बारीक झाला होता, "खुर्चीतच बसून राहायची... घरी जा म्हणलं तर जायची नाय... माझ्या छातीकडं बघत बसायची... वरखाली व्हतीय का म्हणून..."

शेवटचे शब्द नुसते ओठावर आले असतील, ऐकू नीट आले नाहीत. टिक्.

मी दारातून बाजूला झाले आणि रिकामे ड्रम उगाचच पालथे घालत बसले. भाई बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि स्कूटरला पेटी बांधायला गेले. जाताना म्हणाले, "चाची, साखर डालते जाव जरासी." म्हणलं, "डायबेटीस आहे त्यांना. तुम्ही तुमचं बघा."

पडदा हलला होता. डाव्या बाजूला चांगला, उजव्या बाजूला, जिथं न्यूमोनिया होता तिथं, कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसा ठीक आहेत. पण उजवी बाजू अजून आळशी आहे. लग्नात थोडं वाजवा. बसून. श्वास लागला की तिथंच थांबायचं, तान अर्धी असली तरी. आणि कधी थांबायचं ते आजोबा ठरवतील, आजी नाही." मला हे बोलणं आवडलं नाही, पण कबूल केलं. कुलूप उघडलं. लुगड्यातून सनई काढून ह्यांनी ताडपत्ती ओठात धरली आणि नुसतीच ओली करत बसले, किती तरी वेळ.

फर्दापूरला लॉजच्या अंगणात मांडव होता. पुतण्या दुसरी सनई घेऊन मागचा एकच सूर धरायला बसला, शेजारी एक जण संबळ घेऊन. अक्षता पडल्या आणि ह्यांनी सनई उचलली. लोक नवरा-नवरीकडं बघत होते. मी एकटी बाई नवरीची आजी असून म्हाताऱ्याच्या पोटाकडं बघत होते. पोट येत होतं, जात होतं. नाकपुड्या चालू होत्या. सूर कुठं तुटत नव्हता. नात हार घालता घालता आजोबांकडं बघून रडली, तिचा मेकअप गेला, लेकीनं मला डोळ्यांनी खुणावलं की बघ, माझ्या लग्नात ह्यांनी कांदे कापले. तोंड बघण्यासारखं झालं होतं लेकीचं.

ती धून मला तोंडपाठ आहे. माझ्या पहाटेच्या झोपेचं खोबरं करत तीच वाजायची. तिला शेवटी एक फेरी असते, वर चढून परत खाली, घरी आल्यासारखं वाटतं तेव्हा. ती फेरी यायची होती, आणि ह्यांनी सनई खाली घेतली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं संपली. पुतण्याला कळलं होतं, त्यानं सूर आणखी जरासा धरून ठेवला, मग सोडला. ह्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. नाय. पुढचा श्वास नाय. ह्या माणसाचा सूर अर्ध्यात थांबलेला मी कधी बघितला नव्हता. थांब थांब म्हणून आयुष्यभर मी घसा कोरडा केला, तेव्हा नाय थांबला.

मी जाऊन शेजारी बसले. ह्यांनी सनई माझ्या मांडीवर ठेवली. "घाल पेटीत," म्हणाले. "कुलूप लाव. आता मागणार नाय."

मला असं रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. म्हणलं, "एक फेरी राहिलीय. अर्धवट काम मी शाळेतल्या पोरांचं चालवून घेतलं नाय, तुमचं बरं चालवून घेईन! ती पुरी करायची. श्वास परत आला की. घरी."

"आन नाय आला तर?"

"मी बसलेय ना बघत," म्हणलं.

लग्नानंतर आम्ही घरी आलो. सनई खुंटीवर. मी विषय काढला नाही, ह्यांनी काढला नाही. रोज सकाळी हे गालानं नाही, छातीनं श्वास सोडायचे, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्यासारखा. आणि मग एके सकाळी नळाला पाणी आलं. नऊ दिवसांनी आलं होतं, मोठ्या धारेनं. मी ड्रमला पाइप लावला, बादल्या मांडल्या, पदर खोचला. आणि घरातून सनई वाजली. शेवटची फेरी. वर चढायला लागली.

मी नळ बंद केला.

आमच्या गल्लीत पाणी आलेलं असताना नळ बंद केल्याचा आवाज आजवर कुणी ऐकला नसेल. पलीकडची शेजारीण घाबरून भिंतीवरून डोकावली. "काय हो काकू, पाणी गेलं का?"

"हाये पाणी," म्हणलं. "जरा गप बसा. ऐकू द्या."